आधी थापटी, मग अपग्रेड

शनिवारी संध्याकाळी साडेसातला एका पतसंस्थेचा सर्व्हर नव्या लिनक्सवर उठला. लॉगिन झालं, डेटाबेस सुरू झाला, आदल्या दिवशीची रोजकीर्द पडद्यावर आली. आम्ही दोघांनी शटर ओढलं, धाराशिवच्या बसस्थानकासमोर चहा घेतला आणि घरी गेलो. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या पतसंस्थेतून फोन आला, "साहेब, खातेदार पासबुक घेऊन समोर उभे आहेत आणि कॉम्प्युटर म्हणतोय, असं खातंच नाही."

खातं होतं. यादी उघडून खाली सरकवत गेलं की दिसत होतं. क्रमांक टाकून शोधलं की मात्र हाती लागत नव्हतं. काउंटरवरच्या ताईंनी गर्दीच्या घाईत त्याच क्रमांकाचं खातं पुन्हा उघडून पाहिलं, तर तेही उघडलं. एका क्रमांकाची दोन खाती होऊ द्यायची नाहीत, हे ज्याचं काम, त्या डेटाबेसने ते मुकाट्याने मान्य केलं. चूक ताईंची नव्हती, आमची होती. तिचं कारण पुढे सांगतो.

आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी थापटीने एकेकाचं डोकं ठोकून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं. मडकं चुलीवर चढण्याआधी ठोकून पाहायचं असतं. आम्ही सर्व्हर सुरू झाला एवढंच पाहिलं, थापटून पाहिला नाही.

पतसंस्था, साखर कारखान्याचं ऊस नोंदणी कार्यालय, दूध संकलन केंद्र, कॉलेजचं प्रवेश खातं, शेतकरी उत्पादक कंपनी, अशा ठिकाणी कोपऱ्यातल्या कपाटात एखादा लिनक्स सर्व्हर चालू असतो आणि त्यावर शेकडो माणसांचा हिशोब असतो. त्याची देखभाल ज्यांच्या गळ्यात पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

चालतंय की, मग हात कशाला लावायचा?

हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत हमखास येतो. उत्तर तारखांत आहे. सेंटॉस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली. सेंटॉस ८ तर त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ला बंद झालं. उबुंटू २०.०४चा नेहमीचा मोफत आधार मे २०२५मध्ये संपला. मायएसक्यूएल ५.७ची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये आणि पोस्टग्रेस १३ची नोव्हेंबर २०२५मध्ये संपली. मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. फक्त त्यानंतर सापडणारी भोकं कोणी बुजवत नाही, आणि ती कुठे आहेत हे चोराला आपल्याआधी कळतं.

जुलै २०२४च्या अखेरीस देशातल्या लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयने त्या कंपनीला पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच जास्त होत्या. "आपल्यासारख्या लहान संस्थेकडे कोण बघतंय?" या म्हणण्यात आता अर्थ राहिलेला नाही.

दुसरी बाजूही पाहा. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाने जगाला एक धक्का दिला. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना त्यांना एक्सझेड नावाच्या साध्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलं नव्हतं. सगळ्यात नवं ते लगेच अंगावर घेणाऱ्यांनाच धोका होता.

म्हणून नियम असा : चालू आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती आठवड्याभरात चढवायची. नवी आवृत्ती मात्र सावकाश, ठोकून, स्थिर भांडारातूनच घ्यायची.

तीन वेगळी कामं

‘अपग्रेड’ या एका शब्दाखाली तीन निराळी कामं येतात, आणि ती एकाच रात्री उरकण्याचा मोह होतो.

पहिलं काम दुरुस्तीचं. पोस्टग्रेस १५.४ वरून १५.६ वर जाणं हे या प्रकारातलं. डेटा जिथे आहे तिथेच राहतो, फक्त प्रोग्राम बदलतो, सेवा पुन्हा सुरू करावी लागते. हे दर महिन्याला करायचं, सुरक्षेची दुरुस्ती असेल तर आठवड्याभरात.

दुसरं काम डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलण्याचं, म्हणजे १५ वरून १६. इथे डेटाची मांडणी बदलते. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन वापरा किंवा पूर्ण डंप काढून नव्यात भरा. मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर गेलात, तर त्याच डेटासह मागे फिरता येत नाही.

तिसरं काम खुद्द लिनक्सची आवृत्ती बदलण्याचं, म्हणजे सेंटॉस ७ वरून रॉकी किंवा अल्मा ९, डेबियन ११ वरून १२. यात डेटाबेसच्या पायाखालची जमीन बदलते.

या तिन्हींना तीन वेगळे दिवस द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर बिघाड कशाने झाला हे शोधावं लागत नाही.

आपल्याकडे याला चौथं काम जोडलं गेलं. फेब्रुवारी २०२३मध्ये शहराचं आणि सप्टेंबर २०२३मध्ये महसुली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. बऱ्याच सर्व्हरची नावं, बॅकअपच्या स्क्रिप्ट, अहवालांचे साचे जुन्या नावावर बांधलेले असतात. तक्त्यात जिल्हा नावाने साठवला असेल, तर अहवालात एकाच जिल्ह्याचे दोन दिसू लागतात. जिल्हा, तालुका, गाव हे सरकारी संकेतांकाने साठवा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवा. पण ही दुरुस्तीही अपग्रेडच्या दिवशी नको. तिला स्वतंत्र दिवस द्या.

आधी वही भरा

कपाटावर एक साधी वही ठेवा. तिच्या पहिल्या पानावर लिनक्सची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती आणि पॅकेज कोणत्या भांडारातून येतात ते लिहा. बाहेरची भांडारं कोणी कधी जोडली, हे बहुतेक ठिकाणी कोणालाच माहीत नसतं, आणि अपग्रेड तिथेच अडतो. दुसऱ्या पानावर डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते लिहा. ‘बूट’ हा विभाग लहान असतो आणि जुन्या कर्नलनी भरून जातो. तो भरलेला असेल, तर नवं कर्नल अर्धवट बसतं.

तिसऱ्या पानावर डेटाबेसशी कोण कोण बोलतं ते लिहा : काउंटरवरचे संगणक, वजनकाटा, एसएमएस पाठवणारा प्रोग्राम, लेखापरीक्षकांचा अहवाल. हे पान भरताना काउंटरवरच्या माणसाला शेजारी बसवा. आपल्याला माहीत नसलेल्या दोन गोष्टी तरी तो सांगतोच.

मुहूर्त

तुळजाभवानी शारदीय नवरात्राआधी मंचकी निद्रेत जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून आश्विन शुद्ध प्रतिपदेपर्यंत ही घोर निद्रा असते. मोठ्या कामाआधीच्या विश्रांतीला आपल्याकडे तिथी ठरलेली आहे. सर्व्हरलाही अशी ठरलेली तिथी हवी. "वेळ मिळाला की करू" म्हटलं की वेळ मिळतच नाही.

वर्षाचा विचार असा करा. मार्चअखेर पतसंस्थेने सर्व्हरला हात लावू नये. जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश असतात. जुलैअखेर पीकविम्याची धावपळ असते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत बाजार समितीत सोयाबीनची आवक असते आणि तुळजापुरात यात्रेकरूंची गर्दी. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. मे महिन्यात उन्हाने सर्व्हरची खोली तापते, वळवाच्या वाऱ्यात लाईट जाते. सगळं वजा केलं की मोठ्या कामासाठी ऑगस्टचा उत्तरार्ध बरा उरतो, तोही वार्षिक सभेची कागदपत्रं तयार करण्याआधी.

दर महिन्याच्या लहान दुरुस्तीसाठी एक ठरावीक शनिवार धरा. मात्र तुमच्या गावचा आठवडी बाजार त्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाही ना, एवढं पाहा.

बॅकअप थापटून पाहा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधू गेले तर तिथे काहीच नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं चालत होतं. दोन आवृत्त्या जुळत नव्हत्या म्हणून बॅकअप रोज अपयशी होत होता. तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने काही तास आधी काढलेली एक प्रत सापडली, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेलाच.

यात दोन धडे आहेत. डेटाबेसची आवृत्ती बदलली की बॅकअपचं साधनही त्याच आवृत्तीचं किंवा त्याहून नवं आहे ना, हे पाहा. आणि जो बॅकअप कधी परत भरून पाहिला नाही, त्याला बॅकअप म्हणू नका.

परत भरून पाहायला नवा सर्व्हर लागत नाही. कार्यालयातला जुना डेस्कटॉप, पुरेशी डिस्क आणि त्यावर तेच लिनक्स एवढं पुरतं. बॅकअप तिथे भरा आणि तीन आकडे ताडून पाहा : एकूण खाती किती, सगळ्या ठेवींची बेरीज किती, शेवटच्या व्यवहाराची वेळ कोणती. हे तीन आकडे मूळ सर्व्हरशी पैशासकट जुळले, तर मडकं पक्कं. या डेस्कटॉपवर खऱ्या माणसांचा खरा हिशोब आला आहे हे मात्र विसरू नका. तो इंटरनेटला जोडू नका आणि काम झालं की डिस्क पुसा.

एक प्रत इमारतीबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे उमरगा आणि लोहारा भागात भूकंपाने घरांबरोबर कपाटंही ढिगाऱ्यात नेली. या जिल्ह्यात हे वेगळं समजवावं लागू नये.

रंगीत तालीम

त्याच जुन्या डेस्कटॉपवर अख्खा अपग्रेड एकदा करून पाहा. ‘एपीटी’मध्ये काही न बदलता फक्त काय होईल ते दाखवायची सोय आहे. ‘डीएनएफ’ही होकार देण्याआधी पूर्ण यादी समोर ठेवतो. नवी किती येणार हे सगळे वाचतात. तुम्ही काढली जाणारी पॅकेजं आधी वाचा. त्यात डेटाबेसचं किंवा तुमच्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या पीएचपीचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा.

डेटाबेसचं पॅकेज दुरुस्तीच्या ओघात पुढच्या मुख्य आवृत्तीवर जाऊ नये म्हणून त्याला कुलूप घाला. डेबियन-उबुंटूत ‘होल्ड’ची सोय आहे, रॉकी-अल्मात ‘व्हर्जनलॉक’ची. पण कुलूप घातल्याचं वहीत लिहा. नाहीतर सुरक्षेची दुरुस्तीही दोन वर्षं बाहेर ताटकळते.

डेबियन-उबुंटूत पोस्टग्रेसची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते. जुनी ५४३२ या पोर्टवर, नवी ५४३३ वर. सॉफ्टवेअर कोणत्या दारावर टकटक करतंय हे पाहिलं नाही, तर अपग्रेड झाला असं वाटतं आणि काम जुन्याच आवृत्तीवर चालू राहतं.

तालमीत घड्याळ लावा. प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते लिहा. खऱ्या दिवशी हाच आकडा उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष दिवशी

पॅकेजं आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. दोन्ही प्रणालींत नुसतं डाउनलोड करायची सोय आहे. पावसात केबल तुटली म्हणून काम अर्धवट राहायला नको. यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटं टिकते, ते सर्व्हर नव्हे तर दोन बल्ब लावून आधीच पाहा.

दुरून काम करत असाल तर ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ उघडून त्यात काम करा. मोबाइलचं नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. जोडणी तुटल्यामुळे अर्ध्यात मेलेला अपग्रेड निस्तरणं फार अवघड असतं. शक्य असेल तर सर्व्हरपाशीच बसा.

क्रम असा ठेवा : सॉफ्टवेअर बंद, मग शेवटचा बॅकअप, मग डेटाबेस नीट बंद, मग आभासी यंत्र असेल तर त्याचा स्नॅपशॉट, आणि त्यानंतर अपग्रेड.

मध्येच प्रश्न येईल की सेटिंगची फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ? तुमची ठेवा, आणि नवी शेजारी जपून ठेवून दुसऱ्या दिवशी शांतपणे ताडून पाहा. रॉकी-अल्मात हा प्रश्न येत नाही. तिथे नवी फाइल ‘आरपीएमन्यू’ असं शेपूट लावून गुपचूप शेजारी ठेवली जाते. ती शोधावी लागते.

तुमच्याकडे एक मुख्य डेटाबेस आणि त्याची चालती प्रत असेल, तर दुरुस्तीच्या आवृत्तीसाठी आधी प्रत अपग्रेड करा, ती ठीक चालली की मुख्य. तीन-चार सर्व्हरचा समूह असेल, मग तो इलॅस्टिकसर्च असो वा काफ्का, एका वेळी एकच सर्व्हर उतरवा, आणि तो परत येऊन समूहात पूर्ण मिसळेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

परत फिरायची वेळ सुरुवातीलाच ठरवा. ‘रात्री दहापर्यंत जमलं नाही तर जुन्यावर’ असं वहीत लिहा आणि पाळा. रॉकी-अल्मातली ‘हिस्टरी अनडू’ पॅकेजं मागे नेते, डेटा नेत नाही. पीजी-अपग्रेड ‘लिंक’ पद्धतीने केलात आणि नवी आवृत्ती एकदा सुरू झाली, की जुनी सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. तेव्हा परतीची वाट बॅकअपमधूनच जाते.

आमची चूक

आम्ही सेंटॉस ७ वरचं पोस्टग्रेस १३चं डेटाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून रॉकी ९ वर ठेवलं. डेटाबेसची आवृत्ती तीच, म्हणून निर्धास्त होतो.

अक्षरांचा आणि चिन्हांचा क्रम कसा लावायचा, हे पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीला विचारतो. ऑगस्ट २०१८मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणात बदलला. सेंटॉस ७ त्याआधीच्या बाजूला, रॉकी ९ नंतरच्या. मराठी शब्दकोश चाळणाऱ्याला हे लगेच कळेल. काही कोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात असतो, काहींत अगदी शेवटी. एका रीतीने लावलेल्या कोशात दुसऱ्या रीतीने शोधणारा माणूस ‘शब्दच नाही’ म्हणून परत येतो. शब्द मात्र कोशात असतो. डेटाबेसचा इंडेक्स हा असाच कोश. तो जुन्या क्रमाने लावलेला होता आणि शोध नव्या क्रमाने चालला होता. त्या पतसंस्थेत खाते क्रमांक शाखेचा आकडा, मध्ये आडवी रेघ आणि पुढे क्रमांक असा मजकूर म्हणून साठवलेला होता. नेमका या रेघेचाच क्रम बदलला होता.

तुमच्याकडे हे घडेल का, ते दोन मिनिटांत कळतं. दोन ओळींची फाइल करा. एका ओळीत इंग्रजी आकड्यांत अकरा, दुसऱ्या ओळीत एक, रेघ, एक. जुन्या आणि नव्या लिनक्सवर इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल लावून ‘सॉर्ट’ चालवा. जुन्यावर अकरा आधी येतं, नव्यावर रेघेवालं. उत्तरं निराळी आली, तर फोल्डर उचलून नेलेल्या डेटाबेसचे मजकुरावरचे सगळे इंडेक्स नव्याने बांधा. त्यासाठी ‘रीइंडेक्स’ आहे, आणि बिघाड तपासायला ‘अ‍ॅमचेक’. पण एका क्रमांकाची दोन खाती आधीच झाली असतील, तर ती हाताने निस्तरल्याशिवाय रीइंडेक्स पुढे जात नाही. आमचे त्यातच दोन दिवस गेले.

पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेस या क्रमाची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि बदल झाला की इशारा देतो. आमचा १३ होता, म्हणून तो गप्प बसला. डंप काढून नव्यात भरला असता, तर इंडेक्स आपोआप नव्याने बांधले गेले असते आणि हे घडलंच नसतं. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी आपला क्रम स्वतःच सांभाळतात, म्हणून त्यांच्यात हा घोटाळा होत नाही.

झाल्यावर

एकदा पूर्ण रिबूट करा, नाहीतर जुनं कर्नल आणि जुन्या लायब्रऱ्या मेमरीत तशाच चालत राहतात. पीजी-अपग्रेडनंतर आकडेवारी नव्याने गोळा करायची ‘अ‍ॅनालाइझ’ची पायरी चालवा. पोस्टग्रेस १८च्या आधी जुनी आकडेवारी सोबत येत नाही, आणि "नवा सर्व्हर जुन्यापेक्षा हळू" ही तक्रार बहुधा इथूनच येते. लॉग पुसले गेले नाहीत ना ते पाहा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं आहे. त्या रात्रीचा बॅकअप नव्या आवृत्तीवर खरंच तयार झाला का, हेही त्याच रात्री पाहा.

शेवटची थापटी मात्र आपल्या हातात ठेवू नका. आम्ही तपासतो ते आम्हाला सुचतं तेवढंच. त्या पतसंस्थेत आता अपग्रेड शनिवारी होतो आणि रविवारी सकाळी काउंटरवरच्या ताई येतात. त्यांच्याकडे वीस जुनी पासबुकं वेगळी काढून ठेवलेली असतात. सगळ्या शाखांची, लहान-मोठ्या क्रमांकांची, आणि सोमवारी हरवलेलं ते खातंही त्यात असतं. त्या एकेक क्रमांक टाकतात, नाव वाचतात, शिल्लक पासबुकाशी जुळवतात. विसावं पासबुक मिटून त्या "आहे" म्हणाल्या, की वहीत सही होते. शटर त्यानंतरच ओढायचं.